जांभळे ओठ

जिन्यात चार मुली एकमेकींना जीभ काढून दाखवत बसल्या होत्या. जांभळं खाल्ली की कुणाची जीभ जास्त जांभळी, ही चढाओढ लागतेच. “माझीच!” म्हणून ओरडत होती ती माझी सई.

बाकीच्या आयांना फ्रॉकवरच्या डागांची काळजी. मला ओठांची. सईच्या हृदयात जन्मापासून दोष होता, रडली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “आता विसरा आणि खेळू द्या तिला.” ती विसरलीसुद्धा. मी मात्र अजून थंडीचा संशय घेते, ट्यूबलाइटच्या उजेडाचा घेते, निळ्या छत्रीचाही घेते. पोर हसली तरी मी हसू बघत नाही, ओठ बघते. आणि जांभूळ तर मला पहिल्यापासून लबाडच वाटतं. त्याच्या रंगाआड काय लपलंय, कुणी सांगावं?

खाली उतरले आणि ओढणीच्या टोकाने तिचे ओठ खसाखसा पुसले. तिने सवयीने हनुवटी वर केली. तिघी मैत्रिणी बघत होत्या. मग शेजारची गार्गी पुढे सरकली.

“काकू, आता माझे पुसा ना.”

तिच्यामागे उरलेल्या दोघीही हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. त्यांचेही पुसले.

घरात आल्यावर ओढणी खिडकीशी धरली. रंग जांभळाचाच आहे ना, तेवढं बघायचं होतं. चार डाग होते. त्यातला माझ्या मुलीचा कोणता, ते काही केल्या ओळखता येईना.