शेवटच्या फेरीत मिळेल

आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि त्यातली सोळा वर्षं मी माझ्या बायकोला एकदाही एक्सेलच्या तक्त्यात घातलं नव्हतं.

सतराव्या वर्षी घातलं. कारण फुटबॉल. म्हणजे खरं कारण मीच, पण माणसाने सुरुवातीलाच सगळं कबूल करू नये.

आम्ही पार दक्षिण गोलार्धात, पामर्स्टन नॉर्थला राहतो. गाव छोटं, वारा मोठा. इथली मराठी मंडळी दर हिवाळ्यात आपापसात फुटबॉलची स्पर्धा घेतात. चार टीम, मैदानात सात जण, त्यात दोन तरी बायका हव्यातच. आमच्या टीमचं नाव 'मानावतू मावळे', मानावतू हा इथला प्रांत. सलग तीन वर्षं आम्ही चौथे आलो. त्यातल्या एका वर्षी एक टीम कांजिण्यांमुळे खेळायलाच आली नव्हती, तरी चौथे आम्हीच!

मी या टीमचा कॅप्टन, कारण फुटबॉलवर सगळ्यात जास्त मतं माझी. मी फुटबॉल खेळत नाही, मला फुटबॉल कळतो. (दोन्ही एकाच माणसाला जमणं अवघड असतं, असं माझं निरीक्षण आहे.) पण यंदा इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे देशमुखांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंदार, यंदाही शेवटचे आलात तर कॅप्टन बदलायचा, असं सगळ्यांचं मत पडलंय."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"म्हणजे तू सोडून सगळ्यांचं."

सगळा प्रश्न खेळाडूंच्या निवडीचा होता. आमच्याकडे त्याला ड्राफ्ट म्हणतात. सगळ्यांची नावं एका यादीत, आणि कॅप्टनांनी पाळीपाळीने एकेक उचलायचं. आदल्या वर्षी जी टीम शेवटची आली तिला पहिली निवड, आणि न्याय म्हणून सगळ्यात शेवटचीही तिलाच. नवरा एका टीममध्ये आणि बायको दुसरीत, असं बिनदिक्कत होतं.

आता लोक निवड कशी करतात? पहिल्या फेरीत मित्राला घेतात, दुसऱ्या फेरीत ज्याची गाडी मोठी आहे त्याला, आणि तिसऱ्या फेरीत जिच्या घरून साबुदाणेवडे येतात तिला. ही काय स्ट्रॅटेजी झाली? दुबळ्या टीमने भावनेत वाहून जायचं नसतं. जे दुसऱ्यालाही हवंय ते आधी उचलायचं. जे कोणालाच नको, ते शेवटी आपोआप मिळतं, त्यावर चांगली निवड वाया घालवायची नाही. हा सिद्धांत मी घरी इतक्या वेळा मांडला की आमची चौदा वर्षांची ईरा हल्ली मी "दुबळ्या टीमने" एवढं म्हटलं की कानात इयरफोन घालते.

माझ्या बायकोने, मुग्धाने, मात्र एकदा शांतपणे विचारलं. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. वॉर्डातून नुकतीच येऊन चहा टाकत होती.

"मग मला कितव्या फेरीत घेणार?"

"तुला काय, तू घरचीच आहेस!"

"अच्छा," ती म्हणाली, आणि चहात आलं जरा जास्तच जोरात ठेचलं. हा आवाज मी ऐकला होता. पण त्याचा अर्थ लावायला मला वेळ नव्हता, कारण मी तक्ता करत होतो.

या तक्त्याबद्दल सांगायला हवं. मी एका संशोधन संस्थेत गाईंचा डेटा सांभाळतो. कळपातल्या कुठल्या गाई पुढच्या हंगामात ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या, हे आमचं सॉफ्टवेअर सांगतं. गाईंना फाटकातून वेगळं काढतात त्यालाही इथे ड्राफ्टिंगच म्हणतात. आता शब्द तोच, काम तेच, मग नवा तक्ता कशाला करायचा? मी ऑफिसचीच फाइल घेतली, गाई पुसल्या आणि मंडळाचे सभासद भरले. मथळे तसेच राहिले: वय, वजन, पाय, चारा, स्वभाव, शेरा, आणि शेवटी 'ठेवावी की काढावी'. (कासेचा रकाना मी काढून टाकला होता. माझ्या बाजूने एवढी एक गोष्ट कृपया नोंदवून ठेवा.)

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता. इथे ऋतू उलटे, त्यामुळे तेव्हा पानगळ सुरू झालेली असते, हॉलच्या दारात गुढी आणि गुढीखाली ओली पिवळी पानं. जेवणं झाली, श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन लोक खुर्च्यांवर रेलले, आणि देशमुख म्हणाले, "चला, ड्राफ्ट! ईरा बेटा, ती यादी जरा पडद्यावर लाव गं."

ईराने माझा लॅपटॉप लावला. मंडळाची यादी आणि माझा तक्ता शेजारी शेजारी होते. दोन्हींचं नाव 'फायनल'.

पडद्यावर तक्ता आला. ईरा दोन सेकंद पाहत राहिली आणि माईकमध्ये म्हणाली, "डॅड, व्हाय इज आई इन द काऊ फाइल?"

मी उठेपर्यंत फार उशीर झाला नव्हता. पहिल्या रांगेतल्यांना चष्मे काढायला वेळ लागतो. पण पहिल्या रांगेत माझे वडील होते. बाबा आता आमच्याकडेच राहतात. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा पुण्याहून बदलून आणलेला, आणि सवय अशी की दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. गाडीतून जाताना दुकानं वाचतात, फार्मसीत औषधांच्या बाटल्या वाचतात. बाबांनी वाचायला सुरुवात केली.

"देशमुख. वजन, बरंच. चारा, भरपूर, विशेषतः फुकट असल्यास. ठेवावी की काढावी, काढावी."

हॉलमध्ये एक वाटी खाली पडली.

"बाबा, अहो बाबा, पुरे!"

"थांब रे, स्पष्ट दिसतंय मला. मुग्धा. पाय, ठीक. स्वभाव, शांत, कंसात, सकाळी नऊनंतर. शेरा, शेवटच्या फेरीत मिळेल, कोणी नेणार नाही. ठेवावी की काढावी..." बाबा पुढे वाकले. "बघू. असं लिहिलंय. बघू." मग मागे वळून त्यांनी निरागसपणे विचारलं, "ही मुग्धा म्हणजे आपलीच का रे?"

मी लॅपटॉपजवळची वायर उपटली. ती प्रोजेक्टरची नव्हती, हीटरची होती. तक्ता तसाच राहिला आणि हॉल गार पडू लागला.

मुग्धाने वाटीतलं उरलेलं श्रीखंड चमच्याने निपटून खाल्लं, वाटी खाली ठेवली आणि हात पुसले. सतरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, वाटी आपटली असती तर परवडलं असतं.

"मंदार," देशमुख थंड आवाजात म्हणाले, "पहिली निवड तुझी. बोल."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. कुठल्याही नवऱ्याने त्या क्षणी एकच नाव घेतलं असतं, आणि खरं सांगतो, ते माझ्या ओठावर आलंही होतं. पण तेवढ्यात माझ्यातला फुटबॉलचा जाणकार जागा झाला. तो म्हणाला, 'थांब! एवढा तमाशा झाल्यावर तुझ्या बायकोला हात लावायची हिंमत कोण करणार? आता तर ती शंभर टक्के शेवटच्या फेरीत मिळेल!'

"अनिकेत," मी म्हणालो. अनिकेत हा युनिव्हर्सिटीत शिकणारा बावीस वर्षांचा मुलगा. क्लबकडून खेळलेला, मांड्या खांबासारख्या.

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बहुधा अनिकेतच.

दुसरी निवड 'पामी पेशवे' या टीमची (पामी म्हणजे पामर्स्टनचं लाडाचं नाव). त्यांचे कॅप्टन डॉक्टर शिरोडकर, मुग्धाच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी यादी बघितली नाही, विचारही केला नाही.

"मुग्धा."

टाळ्या वाजल्या! पाडव्याला, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बायकोला दुसऱ्या माणसाने नेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठी टाळी बाबांची होती.

नंतर डॉक्टरांना मी हसत हसत म्हणालो, "काय डॉक्टर, दया आली वाटतं?"

"दया? अहो, बारा तास वॉर्डभर पळते ती. शिवाय साताऱ्याला शाळेत असताना जिल्ह्याकडून खो-खो खेळलीये. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत होतं. लग्न ठरताना तिने सांगितलं होतं, आणि मी ते मनात 'छंद' या सदरात टाकलं होतं. रांगोळी, वाचन, खो-खो.

पुढचे दोन महिने आमच्या घरात दोन टीम राहत होत्या. मुग्धा संध्याकाळी पार्कात सरावाला जायची.

"आज काय केलंत सरावात?" मी सहज विचारायचो.

"टीमची गोष्ट आहे, सांगता येत नाही. भेंडी फ्रिजमध्ये आहे."

बाबा गळ्यात पेशव्यांचा भगवा मफलर घालून हिंडायचे. "तुझ्याविरुद्ध नाही रे," ते म्हणायचे, "मी जिंकणाऱ्यांच्या बाजूने आहे." ईराला मी एकदा विचारलं, तू कोणाकडून? तिने इयरफोन काढायचेही कष्ट घेतले नाहीत. "सॉरी डॅड. आई'ज हीप्स बेटर." म्हणजे आई कितीतरी पटीने भारी.

सामन्याच्या दिवशी वारा असा होता की गोलकिक मारली की बॉल परत यायचा. आमचा शेवटचा सामना पेशव्यांशीच. बरोबरी झाली असती तरी आम्ही तिसरे येत होतो आणि माझं कॅप्टनपद वाचत होतं. गोलकीपर मी होतो. (गोलात कमी पळावं लागतं. हाही स्ट्रॅटेजीचाच भाग.)

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मग मुग्धाला बॉल मिळाला.

मी पुष्कळ फुटबॉल पाहिला आहे, पण असलं काही पाहिलेलं नाही. खो-खोत साखळी पळतात, बसलेल्या गड्यांच्या मधून आत-बाहेर, आत-बाहेर, तशी ती आली. माझे मावळे जागच्या जागी उभे, आणि ती प्रत्येकाच्या शेजारून नागमोडी निघत चाललेली. अनिकेत, माझी पहिली निवड, तिला अडवायला डावीकडे झेपावला. ती उजवीकडून गेली. तो उजवीकडे वळला, तेव्हा त्याच्या खांबासारख्या मांड्या एकमेकींत अडकल्या आणि तो आडवा झाला.

"पळ मुग्धा, पळ!" बाबा ओरडत होते. "कोणी नेणार नाही म्हणे!"

आता फक्त मी होतो. मी दोन्ही हात पसरले. तिने एक हुलकावणी दिली आणि मी त्या हुलकावणीवर मनापासून विश्वास ठेवून चिखलात खाली बसलो. तिने बॉल हळूच, अगदी झोपलेल्या पेशंटच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, जाळ्यात सारला. मग मागून येऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

"खो!"

आणि मी उठलो! शाळेतली सवय, काय करणार. खो मिळाला की उठायचं. उठून दोन पावलं पळालोही. कोणाच्या मागे, ते मलाच माहीत नव्हतं. सगळं मैदान हसत होतं. मला लाज वाटली, आणि तितकाच अभिमानही वाटला, कारण ती हसताना मला साताऱ्याच्या मैदानावरची ती पोरगी पहिल्यांदाच दिसली. सतरा वर्षं ती माझ्या घरात होती आणि मी तिला कधी बघितलंच नव्हतं.

आम्ही चौथे आलो.

घरी जाताना गाडीत मी म्हणालो, "मुग्धा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"पहिल्या फेरीत तुलाच घ्यायला हवं होतं."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "पहिल्या फेरीचं काही नाही रे. शेवटच्या फेरीचंही चाललं असतं. पण 'बघू' लिहिलंस ना, ते चुकलं."

मी गाडी चालवत राहिलो. मागच्या सीटवर बाबा दुकानांच्या पाट्या वाचत होते. घरी गेल्या गेल्या मी ती फाइल पुसली. (ऑफिसची मूळ फाइलही त्यातच गेली, तो किस्सा माझ्या मॅनेजरने सांगावा.)

पुढच्या पाडव्याला मंडळाने मावळ्यांचा नवा कॅप्टन एकमताने निवडला: मुग्धा. त्या ठरावाला माझंही मत होतं. यंदा मी यादीत होतो. बाबाही होते, कारण जेवणाची यादी समजून त्यांनी आपलं नाव घातलं होतं.

मुग्धाकडे तक्ता नव्हता. एका चिठोऱ्यावर चार शब्द लिहिलेले होते, तेवढ्यावर तिने भराभर नावं घेतली. पहिल्या फेरीत मी घसा खाकरला. तिसऱ्या फेरीत खुर्चीत सरळ बसलो. पाचव्या फेरीत मी उभा राहून जरा पाय मोकळे केले, म्हणजे दिसावेत म्हणून. बाकी तिन्ही टीमच्या निवडी संपल्या. शेवटची निवड मावळ्यांची, आणि यादीत नावं उरली दोन. एक बाबांचं, एक माझं.

"बाबा," मुग्धा म्हणाली.

"अगं, ते चौऱ्याहत्तर... नाही, आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत!" मी ओरडलो.

"हो, पण त्यांचा एक गुडघा तरी नवीन आहे."

बाबा उठले, टाळ्या घेतल्या आणि लंगडत तिच्या शेजारी जाऊन बसले. देशमुखांनी चष्मा सारखा केला. "वहिनी, टीम भरली तुमची. पण हे एक नाव उरतंय. राखीव म्हणून घालू का तुमच्यातच?"

मुग्धाने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. पायांवर जरा जास्तच वेळ थांबली.

"बघू," ती म्हणाली.