श्यामलाबाईंची तळणीची गवार

छत्तीस वर्षं हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या श्यामलाबाई हुद्दारांनी निवृत्त झाल्यावर गावाच्याच उणकल भागात घर बांधलं. स्वतःची माती पहिल्यांदाच वाट्याला आली होती. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्यांनी सुभाष रोडवरून गवारीचं बी आणलं आणि उत्साहाच्या भरात पुडीतलं सगळंच पेरून टाकलं.

एप्रिलमध्ये गवार अशी लागली की विचारू नका! आज पाटीभर तोडावी, तर उद्या झाडं पुन्हा लगडलेली. शेजारच्या दीपश्रीनं चौथ्या दिवशी फाटकातच हात जोडले. "काकू, आता पुरे हो! पोरं जेवायला येईनात!"

घरी नारायणराव ताटाकडं बघून हळूच म्हणाले, "अगं, उद्या वांगं केलंस तर?"

समोरच्या लक्कव्वांकडून त्यांचं दूध यायचं. पाट्या बघून त्या म्हणाल्या, "अक्का, एवढी कोवळी गवार! हिंग-मीठ लावून आंबट ताकात घाला, उन्हात वाळवा. वर्षभर तळून खा की."

श्यामलाबाईंना तेवढंच पाहिजे होतं. शेंगा निवडल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, रात्रभर ताकात मुरवल्या. स्वतःची गच्ची पुरेना, म्हणून गल्लीतल्या चार घरांच्या गच्च्या मागून घेतल्या आणि जुन्या साड्यांवर गवार पसरली. दिवसा ऊन, संध्याकाळी पुन्हा ताक.

तिसऱ्या दिवशी दुपारी उणकलच्या तळ्याकडून आभाळ काळंभोर होऊन आलं. श्यामलाबाईंनी आपली गवार नारायणरावांवर सोपवली आणि फोनकडं झेप घेतली. चारही नंबर तोंडपाठ!

"हॅलो, दीपश्री! वळीव आला! आधी गवार उचल, मग बोलू!"

तीन घरांत निरोप पोचला. चौथा नंबर, वेंकटेश मास्तरांचा, एंगेज!

"लक्कव्वा, चला!" दूध घालायला आलेल्या लक्कव्वांना हाक देत, साडीचा पदर खोचून बाई रस्त्यावर धावल्या. मास्तर दारात रिसीव्हर धरून बघतच राहिले आणि दोघी बायका त्यांच्या अंगावरून जिन्यानं वर! साडीची चार टोकं धरून गाठोडं उचललं, तोच टपोरे थेंब तडतडायला लागले. खाली पोचेपर्यंत दोघी चिंब झाल्या, पण गाठोडं पदराखाली कोरडं होतं. बाईंना हसू आवरेना. साठीला टेकल्या होत्या, आणि जिना कसा चढलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

पुढचे चार दिवस ऊन कडक पडलं. एवढाल्या पाट्यांची गवार आक्रसून दोन डब्यांत मावली. पहिला घाणा काढला, तेव्हा पाचही घरांतली माणसं स्वयंपाकघराच्या दाराशी दाटली. कढईत शेंगा चर्रकन फुलल्या. पहिली शेंग लक्कव्वांच्या हातावर पडली. कुरुम् आवाज आला.

"छलो आगेद, अक्का," त्या कानडीत म्हणाल्या. "छान झालीय!" आणि हात पुन्हा पुढं केला.

पण बाकीच्या शेंगांची बशी तोवर दीपश्रीच्या पोरांनी पुसून टाकली होती.