निळा शर्ट आणि माझा अभिप्राय

त्या खेळाबद्दल मी दीड पानाचा अभिप्राय लिहिला होता. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला तो खराही वाटला असणार. "सदर खेळ आठ वर्षांखालील बालकांसाठी योग्य वाटत नाही," हे पहिलंच वाक्य. खाली ठसठशीत सही. आज तो कागद हाताला लागला तर टराटरा फाडीन, पण फाडून काय होणार आहे म्हणा! मला वाटत होतं, प्रश्न एका खेळाचा आहे. प्रश्न होता एका सहा वर्षांच्या पोरीच्या आईचा. ती आई त्या खेळात रोज संध्याकाळी पोरीला भेटत होती, आणि मी तिला माझ्या हातानं घालवली.

नीट सांगते.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाळी उरकली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळ्या, अगदी कोंबड्यासुद्धा चढतात. पोरांची शाळा बुडू नये म्हणून ती मागं राहतात, आणि त्यांच्यासाठी शाळेतच गुढीपाडव्यापर्यंत वसतिगृह चालतं. दोन वर्ग रिकामे करून सतरंज्या अंथरायच्या, स्वयंपाकाला गावातल्या दोन मावश्या, आणि देखरेखीला आळीपाळीनं आम्ही शिक्षक.

त्या वर्षी गावातून पुण्याला नोकरीला गेलेल्या मंडळींनी पोरांसाठी एक खोकं पाठवलं. शाळेच्या टीव्हीला जोडायचा गेम. हातात छोटा रिमोट धरून हात हलवायचा की टीव्हीतली बाहुली टेनिस खेळते, चेंडू घरंगळवून बाटल्या पाडते, मुष्टियुद्ध करते. दोघा-चौघांनी मिळून खेळायचं. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, तुमी जरा महिनाभर बघा. बारक्या पोरांना चालंल का न्हाई ते लिहून द्या. उद्या कुणाचं नाक फुटलं तर पालकांना काय तोंड दाखवायचं?"

माझा स्वभाव तापट, आणि पडद्यावरच्या खेळांवर तर माझा आधीपासूनच राग. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता, पण मी मात्र अगदी न्यायाधीशाच्या थाटात वही घेऊन बसले. मारामारी आहे का? इंग्रजी वाचता यावं लागतं का? हरल्यावर पोरं रडतात का? पहिल्याच संध्याकाळी एकाच्या कोपरानं दुसऱ्याचा ओठ फुटला. दुसऱ्या दिवशी एकीच्या हातातून रिमोट सुटला तो थेट भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर. पोरं खिदळत होती, मी लिहीत होते. पोरांचा सगळ्यात लाडका खेळ कुठला, तर दोन बाहुल्यांनी उंच ओट्यावर उभं राहून काठ्यांनी एकमेकींना ढकलायचं आणि खालच्या पाण्यात पाडायचं. मी लिहिलं, "प्रतिस्पर्धी पाण्यात पडल्यावर बालकांना आनंद होतो, ही बाब चिंताजनक आहे." अहो, स्वतःची बाहुली पडली तरी तितकीच हसत होती ती! ते मात्र मी लिहिलं नाही.

खेळायच्या आधी प्रत्येकानं आपली बाहुली बनवायची असते. रंग, केस, डोळे, कपडे, सगळं निवडता येतं. बाकीची पोरं रोज नवी बाहुली बनवायची, एकमेकांची टिंगल करायला दाढीमिशा लावायची. पहिलीतली एक पोर मात्र रोज तीच बाहुली घ्यायची. वसतिगृहात तिचं पहिलंच वर्ष. पहिले पंधरा दिवस ती दाराशी बसून असायची, जेवायलासुद्धा हाताला धरून आणावं लागायचं. खेळ आल्यापासून ती टीव्हीसमोर बसायला लागली होती आणि आपली पाळी येईपर्यंत मुकाट वाट बघायची. चौथीतल्या एका मुलीनं तिला ती बाहुली बनवून दिली होती, ही सांगेल तशी. सावळा रंग, मागं अंबाडा, हनुवटीवर एक काळा ठिपका आणि अंगात पुरुषांच्या कपड्यांतला निळा शर्ट.

मला ती बाहुली बघवेना. काय ते ध्यान! बाईमाणसाला पुरुषाचा शर्ट, आणि हनुवटीवर चुकून पडलेला डाग. एका संध्याकाळी मी तिच्या हातातून रिमोट घेतला. म्हटलं, "आण इकडं, छान करून देते." शर्ट काढला, गुलाबी झगा घातला. अंबाडा सोडून मोकळे केस केले. डाग पुसला. वर म्हटलं, "बघ, आता कशी दिसते?"

"आसू द्या ना बाई, पयलीच," ती म्हणाली. इतक्या हळू की मला ऐकू आलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खोटं आहे. ऐकू आलं होतं.

त्या दिवशी ती खेळली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी माझ्या पदराला धरून म्हणाली, "बाई, तिचा शर्ट परत घालता का?" मी म्हटलं, "काय गं सकाळी सकाळी, जा, रांगेत उभी राहा." झालं. पुन्हा तिनं विचारलं नाही, मला आठवणही झाली नाही. ती परत दाराशी बसायला लागली, ते मात्र मला दिसलं, आणि माझा शहाणपणा बघा, मी ते अभिप्रायात घातलं. "अगदी लहान मुलांचा या खेळातील रस दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, असे निरीक्षण आहे." हेडमास्तरांनी वाचून मान डोलावली आणि खोकं पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या मोठ्या मुलांच्या शाळेत गेलं. पोरांनी दोन दिवस तोंडं पाडली, मग विटीदांडू सुरू झाला. मला वाटलं, छान झालं.

दुसऱ्या कुणाची ही चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, बिचारीला काय ठाऊक. पण माझं माहेर राहुरीकडचं, मुळेच्या कालव्याखालचं. आमच्या शेतात दरवर्षी ऊस तोडायला टोळी यायची. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते, हात सोलवटून निघतात, म्हणून टोळीतल्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, बाह्या मनगटापर्यंत ओढून. लहानपणी बांधावर कळशी घेऊन मी त्यांना पाणी वाढलंय. ओंजळीपुढं आलेल्या त्या बाह्या मी हातभर अंतरावरून बघितल्यात. आणि पन्नाशीला आल्यावर तोच शर्ट टीव्हीत दिसला तर मी काय केलं? ध्यान म्हटलं!

आणि आणखी एक. दर रविवारी दुपारी त्या पोरीच्या आईचा फोन यायचा तो माझ्याच मोबाईलवर. मी फोन तिच्या हातात द्यायची आणि शेजारी वह्या तपासत बसायची. पोर काहीबाही बोलायची, पलीकडून बायकांचं हसणं ऐकू यायचं. मी लाल पेनानं काना-मात्रा दुरुस्त करत होते. इतक्या जवळून चाललं होतं सगळं, पण कान देईल ती मी कसली!

पाडव्याच्या आधी टोळ्या परतायला लागल्या. सकाळी साडेदहाच्या सुमाराला शाळेच्या फाटकाशी ट्रक थांबला. मी दारातच होते. आधी गाठोडी खाली आली, मग एक बाई उतरली. सावळी, बारीक चणीची. मागं अंबाडा. अंगात निळा शर्ट, उन्हानं खांद्यावर विटलेला. ती वळली तेव्हा हनुवटीवर तीळ दिसला.

मी फाटकापर्यंत गेले आणि गज धरून उभी राहिले. तोवर पोर वर्गातून धावत सुटली होती, ती जाऊन तिच्या कमरेला बिलगली आणि त्या शर्टात तोंड खुपसून तशीच राहिली.

मायलेकी जवळ आल्या. आई म्हणाली, "तुमीच का बाई? फोनवर लई नाव निघायचं तुमचं. तो गेम हुता ना, त्याच्यातलं समदं सांगायची मला. आय, आज तू जिकलीस. आय, आज तू पान्यात पडलीस. आमी फडातल्या बाया हासू हासू मरायचो. म्हनायच्या, चल गं, पान्यातून नीघ, मोळ्या बांध." ती हे सांगतानाही हसत होती. "मंग एका रईवारी म्हनली, आय, तू आता न्हाई खेळत. तुजा शर्ट बाईंनी काढला. म्हनलं का गं? तर म्हनली, बाईंना न्हाई आवडत."

बोलता बोलता तिचं लक्ष स्वतःच्या अंगाकडं गेलं. बाह्यांवर उसाचा काळा चिकटा होता. तिच्या तोंडावरचं हसू एकदम ओशाळलं. "व्हय, लई मळलाय. शाळंत यायचं तर वाटंतच काढून ठिवाया पायजे हुता," म्हणत तिनं भराभरा बटणं सोडायला सुरुवात केली.

"अहो, राहू द्या! राहू द्या हो, तसं काही नाही," मी म्हणत राहिले. पण बाईंना आवडत नाही म्हटल्यावर ती कशाची थांबते! तिनं शर्ट काढला, घडी घातली आणि काखेत धरून, डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्यापुढं उभी राहिली. मला तिथंच सांगून टाकायला हवं होतं की चुकलं माझं. ट्रकमधल्या सगळ्यांसमोर, त्या फाटकातच.

पोरीनं आईच्या काखेतला शर्ट ओढला. उलगडून तिच्यापुढं धरला.

"घाल ना गं आय," ती म्हणाली. "गेम न्हाई आता."

आईनं शर्ट हातात घेतला, आणि घालू का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.