व्हिडिओत नसलेलं काम

रेवसच्या बर्फाच्या कारखान्यात बाबा मशीन चालवतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सुट्टीत मला तिथेच शिकाऊ म्हणून घेतलं आणि मॅनेजरसाहेबांनी प्रत्येकाचं काम मोबाइलवर शूट करायला सांगितलं. जुना माणूस गेला की त्याच्याबरोबर माहितीही जाते, कंपनीला ते परवडत नाही, असं ते म्हणाले. आमच्या पुस्तकातही असंच होतं. मला पटलं.

बाबांनी मशीन सुरू कशी करायची, बंद कशी करायची, सगळं नीट दाखवलं. वीज गेल्यावर काय करतात ते मात्र नाही. घरी जेवताना मी विचारलं. म्हणाले, "ते बी दिलं, तर माझी गरज काय ऱ्हायली, बाय?" कारखान्यात नुकताच कमी पगारावर कंत्राटी ऑपरेटर आला होता.  मी बाकीच्यांचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. कुणाच्याच व्हिडिओत कधी काही बिघडत नव्हतं.

पुढे बाबा लग्नाला श्रीवर्धनला गेले आणि त्याच दुपारी वीज गेली. मशीन थांबल्यावर इतकं शांत झालं की मला भीती वाटली. नवा ऑपरेटर मोबाइल घेऊन आला. "मॅडम, तुमच्या पिक्चरमध्ये लाइट जातच नाय," म्हणाला. हसत होता, पण कपाळावर घाम होता. वीज परत आल्यावर मशीन एकदम चालू झाली तर बर्फ गोठवणारा अमोनिया वायू बाहेर पडतो आणि माणसाला श्वास घेता येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. आधी कोणता वॉल्व्ह बंद करायचा, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्याच्याच मोबाइलवरून, स्पीकर चालू ठेवून, बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे बँड वाजत होता. मेन स्विच आधी पाडा, एवढं ते बोलले, तोवर मॅनेजरसाहेब दारात आले होते. त्यांनी मला खुणेनं रेकॉर्ड करायला सांगितलं. बाबांना न सांगता करणं मला जमेना.

"बाबा, साहेब रेकॉर्ड करायला सांगतायत."

बँडचा आवाज हळूहळू लांब गेला. मग ते म्हणाले, "कर. पन त्या पोराला नीट ऐकू दे."

त्यांनी एकेक वॉल्व्ह सावकाश सांगितला. वीज आली, मशीन सुरू झाली. अमोनियाचा वास आला नाही.  बाबांच्या नोकरीचं काय, असं मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, कंपनी शिकतेय, ही चांगली गोष्ट आहे. ते उत्तर होतं का, मला कळलं नाही. रेकॉर्डिंग मी त्यांना पाठवून दिलं.

बाबा अजून कामावर आहेत. वीज गेली तरी आता त्यांना कुणी फोन करत नाही. ते मात्र सुट्टीच्या दिवशीही फोन जवळ ठेवतात, घर सोडून कुठे जात नाहीत.