‘आम्हाला बनवता येत नाही’

परवान्यांच्या त्या काळात मी अंधेरीच्या एका कारखान्यात खरेदी बघायचो. आमच्या जर्मन मशीनचा गिअर तुटला आणि काम ठप्प झालं. समोरच्या गाळ्यातल्या लेथवाल्याने कानावर विडी खोचली, गिअरच्या तुटक्या दातांवरून नख फिरवलं आणि दोन दिवसांत नवा गिअर बनवून बसवला. मशीन धडधडू लागलं.

साहेबांना मात्र परदेशीच हवा! आयातीच्या अर्जाला ‘हा आम्हाला बनवता येत नाही’ असं देशी कारागिराचं पत्र जोडावं लागे. लेथवाला नव्या गिअरला ग्रीस लावत होता, तेव्हाच मी ते पत्र लाजत त्याच्यापुढे केलं. तो खदाखदा हसला.

“द्या हो! येतं म्हणून लिवलं तर उद्या परवाना मागत इन्स्पेक्टर दारात. कागदावर येत नाय, म्हणून तर धंदा चाललाय.”

त्याने झोकात सही केली. शेजारी काळा अंगठा उमटला. ग्रीस आमच्याच मशीनचं होतं.