तारेवरचा पांढरा बनियन

एका शब्दाने धावती मोटारसायकल थांबवू शकणारा माणूस आमच्या दोन जिल्ह्यांत एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. पोलिसाला शिट्टी लागते, गतिरोधकाला डांबर लागतं. मामांना नुसतं ‘कामून’ पुरतं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात आणि ‘का’ला ‘कामून’. चिटगुप्प्याच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर मामा सकाळी उभे असतात. गाडीवरून एकटा माणूस येताना दिसला की हात आडवा करतात आणि शांतपणे विचारतात, “मागची जागा मोकळी हाय. कामून?” माणूस थांबतो, मागे वळून आपल्याच सीटकडे बघतो, तिथे बसलेलं कुणी वाटेत पडलं की काय अशा चेहऱ्याने. तो सावरेपर्यंत मामांनी बाजाराला निघालेल्या एखाद्या म्हातारीला त्याच्या मागे बसवलेलं असतं.

रिकामी जागा मामांना बघवतच नाही. पंगतीत एक पाट मोकळा दिसला तर ते रस्त्यावर जाऊन माणूस शोधून आणतात. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या मोटारीत मागे जागा उरली होती. तेवढ्यात फाट्यावर दवाखान्याला निघालेलं एक जोडपं वाहनाची वाट पाहत उभं दिसलं. पुढचं सांगायला नको. वरात आधी दवाखान्याला गेली, बँडवाले दवाखान्याच्या दारात वाजवू लागले, आणि आतल्या नर्सबाई कुणाचं काय झालं म्हणून बाहेर धावल्या. सुनेने तो राग पुष्कळ दिवस धरला. आता ती माहेरच्यांना ही गोष्ट सांगते तेव्हा सर्वांत आधी तीच हसते.

पण मामांच्या या छंदाचं मूळ हसण्यासारखं नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बीदरबाहेर कोळारच्या कारखान्यांत काढली, आणि आत्याने ती रस्त्याकडेच्या एका खोलीत काढली. खोलीच्या दारापुढून पहाटेपासून ट्रक आणि पाळी बदलताना शेकडो मोटारसायकली जात. आत्या दोरीवर कपडे वाळत घालायची आणि संध्याकाळी ते पुन्हा धुवायची. तिचा खोकला तिथला आहे. निवृत्तीनंतर दोघं चिटगुप्प्याला स्वतःच्या घरी आली, खोकलाही सामानाबरोबर आला. मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरी धान्याच्या कोठीपेक्षा चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे उंच होते, आणि अन्याय दिसला की मथळा सुचायचा ही मला लहानपणापासूनची सवय. मी मामांना म्हटलं, आत्याच्या छातीतला धूर कुणाच्या नफ्याचा आहे ते आपण छापून वाटू. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छाप की. पण त्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड हाय. त्या बाईच्या छातीत अजून जागा मोकळी हाय, ती भरायच्या आत काय करायचं, ते सांग.”

तेव्हापासून तो बनियन. मामांनी एक नवा पांढरा बनियन घेतला आणि कोळारच्या त्या जुन्या खोलीपुढच्या तारेवर नेऊन बांधला. खोलीत राहणाऱ्या बाईला सांगितलं, याला हात लावू नको, हा कामावर हाय. एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत तो तारेवर राहायचा. मग मामा तो उतरवून घरी आणायचे, दुसरा बांधून यायचे, आणि आणलेला बनियन खिडकीतल्या उजेडात धरून आत्याला विचारायचे, मागच्यापेक्षा काळा का गोरा? शास्त्रज्ञ याला हसतील. मीही हसले होते. पण आत्याचं निदान पक्कं असायचं. इतकी वर्षं तिने तोच रंग धुतला होता.

अशात दोन जिल्ह्यांनी मिळून एक योजना काढली. कारखानदारांची संघटना, बस महामंडळ, नगरपालिका आणि वाटेवरच्या पंचायती अशी सगळ्यांची भागीदारी. कामगारांनी एकेकट्याने मोटारसायकल न काढता एका बसने यावं, रस्त्यावरचा धूर कमी व्हावा, एवढाच हेतू. चिटगुप्प्याहून निघून वाटेतली गावं घेत कोळारला जाणारी बस दसऱ्याला सुरू झाली. अट एकच होती: गुढीपाडव्यापर्यंत बस भरून जायला लागली तर कायम, नाहीतर बंद. योजनेचं कन्नडमधलं नाव इतकं लांब होतं की फलकावर ते दोन ओळींत मोडलं होतं. मामा तिला नुसतं ‘भागीदारी’ म्हणत, सख्ख्या भावाबरोबर शेत कसायला घ्यावं तसं.

भागीदारीच्या पहिल्या बैठकीला मामा न बोलावता गेले आणि सोबत मला घेऊन गेले, कारण घरी मोकळी बसलेली मीच त्यांना दिसले असावे. हॉलच्या बाहेर भागीदार आले तेवढ्या मोटारी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीतून एकेक साहेब उतरला होता. भाषणं तीन भाषांत झाली. मग मामा उठले. दोन साहेबांना त्यांनी अदबीने विचारलं की आपण दोघं एकाच कचेरीच्या एकाच जिन्यावरून उतरलात असं ऐकतो, मग गाड्या दोन कामून? चहा आला म्हणून सगळे वाचले. पुढच्या बैठकीला ते दोघं एका गाडीतून आले, तोंडं दोन खिडक्यांकडे करून. पण आले.

बस मात्र भरेना. मामा रोज सकाळी पहिल्या थांब्यावर चढायचे. कंडक्टरने विचारलं, अप्पा, तुमी तर रिटायर, कामाला कुठं निघालाव? मामा म्हणाले, “जागा भरायला.” कोळारला उतरायचे, खोलीतल्या बाईकडे चहा प्यायचे, तारेवरच्या बनियनला लांबून नमस्कार केल्यासारखं बघायचे आणि दुपारच्या साध्या बसने परत. बाकी सीटं वाऱ्याला. ज्यांच्यासाठी बस काढली तीच पोरं शेजारून मोटारसायकली पळवत बसला ओलांडून जायची, जाताना मामांना हात करायची.

कामून? मामांनी या एका प्रश्नासाठी अर्धी थंडी घालवली. आधी त्यांना वाटलं, खिडकीची जागा मिळत नाही म्हणून. त्यांनी स्वतःची खिडकी सोडली. फरक पडला नाही. मग वाटलं, बसमधल्या गाण्यांमुळे. ड्रायव्हरला जुनी कन्नड भावगीतं लावायला लावली. होते तेही दोघं झोपून आपला कारखाना ओलांडून पुढे गेले. मग वाटलं, डब्यातली भाजी सांडते म्हणून. मला म्हणाले, “तुजं काय मत?” मी म्हटलं, आळस आणि बेजबाबदारपणा. मामांनी मान हलवली. “पहाटे उठून थंडीत गाडी हाणतोय तो आळशी कसा?”

उत्तर शेवटी राजकुमारच्या अंगणात सापडलं. राजकुमार मामांच्या गल्लीतला, नुकतं लग्न झालेला, कोळारला कामाला. मामांच्या भिडेला पडून तो काही दिवस बसने गेला. आणि एका सकाळी त्याच्या दारात जीप उभी राहिली. मादन हिप्परग्याहून त्याचे सासरे आले होते, बरोबर दोन मेव्हणे आणि तुरीचं पोतं. सासरे ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेईनात. चिटगुप्प्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जावई बसने जातो. आता लग्नात दिलेली गाडी जावयाने विकली, का गहाण टाकली, का ती त्याच्या मनाला आली नाही, या विचाराने माणसाला रात्रभर झोप नव्हती. शेवटी खाली मान घालून म्हणाले, “जावईबापू, मोठी गाडी पाहिजे व्हती तर तवाच सांगायचं. औंदाच्या तुरीवर बगतो मी.” राजकुमार लाजून लाल झाला. मामा योगायोगाने नव्हे, बसला उशीर होतोय म्हणून त्याला बोलवायला तिथेच आले होते. ते दारात उभे राहून एका हाताने चौकट धरून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला की सासऱ्यांना तो अपमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून राजकुमार पुन्हा गाडीवर. मामांनी घरोघर विचारलं. जवळपास प्रत्येक गाडी सासऱ्याने दिलेली. ती घरी ठेवून कामाला जाणं म्हणजे सासऱ्याचं नाक कापणं. धूर सायलेन्सरमधून निघत होता खरा, पण सुरू मांडवात झाला होता.

मी पेटले. हा सरळ हुंडा आहे, मी म्हटलं, आणि आपण त्याची मनधरणी करायची? पत्रकाचा मथळाही माझ्याकडे तयार होता. मामा म्हणाले, “हुंड्यावर तू लिही, पहिली सही माजी. पण तुजं पत्रक वाचून पुढचं लगीन सुधारेल. झालेल्या लग्नाची गाडी रस्त्यावर हाय, आन् पाडवा काय थांबायचा नाय.” मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तरी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण ते पुढे काय करणार हे कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

त्यांनी येळवस पकडली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमचा सगळा मुलूख शेतात जेवतो. बाजरीचे उंडे, आंबील आणि साऱ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. त्या दिवशी शेतात जेवायला बोलावलं तर नाही म्हणायची रीत नाही. पण ज्याला त्याला स्वतःचं शेत असतं, मग सासरे मंडळी मामांच्या शेतात येणार कशी? मामांनी निरोप धाडला: येळवसच्या दुसऱ्या दिवशी या. भज्जी शिळीच चांगली लागते, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक आहे. शिळ्या येळवसचं आमंत्रण आजवर कुणी कुणाला दिलं नव्हतं, म्हणून नाकारायचं कसं तेही कुणाला सुचलं नाही. आपापल्या गावाहून सासरे आले. स्टँडपासून शेतापर्यंत मामांनी त्यांना एकाच ट्रॅक्टरमध्ये, अर्थातच, एकही जागा मोकळी न ठेवता आणलं.

जेवणं झाली. मामांनी भाषण केलं नाही. हिप्परग्याच्या पाहुण्यांना फक्त विचारलं, “पाव्हणं, गाडी कुणाला दिली? पोराला का पोरीला?” पाहुणे म्हणाले, पोरीला सुख लागावं म्हणून दिली. “मंग पोरगा रोज ट्रकांच्या मधून त्या गाडीवर जायलाय, तवा पोरीला सुख लागतं का घोर?” सासऱ्यांनी हातातला आंबिलीचा पेला खाली ठेवला. बोलली ती राजकुमारची बायको सुनीता, वाढता वाढता, डोक्यावरचा पदर नीट करत. वडिलांना म्हणाली, “अप्पा, गाडी माजी असंल तर चावी माज्याजवळ ऱ्हाऊ द्या. हे जातेत बशीनं.” सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने खिशात हात घातला. चावी लेकीच्या हातात पडली आणि म्हातारा एकदम हलका होऊन हसला, कारण आता गाडी घरी का उभी आहे याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते मानाचं होतं. बाकीचे सासरेही त्याच उत्तराला धरून घरी गेले.

सुनीता महिन्याभरात गाडी शिकली आणि बाजाराला जाऊ लागली. एक गाडी घरी बसवावी तर तीच पुन्हा रस्त्यावर, म्हणून मामा टपरीवर डोकं खाजवत उभे राहिले. आत्या म्हणाली, “बगा की नीट. मागची जागा भरलेली हाय.” मागे खरंच दोघी बसल्या होत्या.

पाडव्याच्या आधीच बस भरली. मी त्या सकाळी थांब्यावर होते. राजकुमार चढला, त्याचे सोबती चढले, दारातल्या पायरीपर्यंत माणसं झाली. कंडक्टरने मामांकडे पाहिलं आणि हात जोडले. जागा नव्हती. मामांनी आयुष्यभर जी गोष्ट मागितली ती समोर उभी होती, आणि त्यांना सोडून निघाली. ते वळणापर्यंत बसकडे बघत राहिले. मग पिशवीतला नवा बनियन चाचपला. आज जुना उतरवून तो बांधायचा दिवस होता.

बनियन संध्याकाळी आपणच आला. खोलीतल्या बाईने तो राजकुमारबरोबर पाठवला होता: अप्पा आले नाहीत, त्यांचं कापड अडकून राहू नये. मामांनी घाईने पिशवी उघडली. आत बनियन होता, घडी घातलेला, साबणाच्या वासाचा, पांढराशुभ्र, आणि त्यात बांधलेले भाजके शेंगदाणे. दुसऱ्याची वस्तू मळकी आणि रिकामी परत करायची नाही, एवढं त्या बाईला तिच्या आईने शिकवलं होतं.

मामा खिडकीशी गेले आणि तरी तो उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. हवा किती सुधारली हे आता बनियन सांगणार नव्हता. मी वाट पाहिली, आता ‘कामून’ येईल. आलं नाही. आत्याने खोकत खोकत शेंगदाणे वाटीत ओतले आणि म्हणाली, “घाला अंगात. लई दिवस तारंला कपडे घातले.”

मामांनी तो घातला. मग चार शेंगदाणे तळहातावर घेऊन दाराच्या पायरीवर जाऊन बसले, आणि बसताना सवयीने बाजूला सरकून एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली. मी जाऊन बसले.