पैलवानाचा सदरा

गुंडू मास्तर इंजिनाचं माप घ्यायचे तेव्हा आधी त्याला सरळ उभं राहायला सांगायचे. "ताठू नगं. श्वास सोड," असं त्या वीतभर इंजिनाला बजावून गळ्यातली टेप काढायचे आणि लांबी, उंची, घेर असं क्रमानं माप घ्यायचे. गणवेशाच्या मापाला आलेली पोरं ते बघून खिदळायची. खिदळता खिदळता त्यांचेच आखडलेले खांदे सैल पडायचे, आणि तेवढ्यात मास्तर त्यांचं माप घेऊन मोकळे झालेले असायचे.

नळदुर्गात स्टँडवरून हायवेकडं जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. समोरून दिवसभर ट्रक जायचे. गावात रेल्वे नाही. आगगाडी बघायची तर सोलापूर गाठावं लागतं. तरी या माणसाच्या दुकानात शिलाई मशीनमागच्या फळीवर खेळातल्या आगगाडीची इंजिनं ओळीनं उभी असायची, निळी, तांबडी, एखादं पोपटी. शेजारचा बाबू पेंटर ट्रकच्या पाट्या रंगवायचा. तो येता-जाता म्हणायचा, "गावात रूळ न्हाईत आन् मास्तर इंजिनाला कापडं शिवत्यात." मास्तर सुईत दोरा ओवत ऐकून घ्यायचे.

हा नाद त्यांना सिकंदराबादेत लागला. तरुणपणी ते तिथं कटिंग शिकायला गेले होते आणि राहायची खोली रेल्वे यार्डाला लागून होती. तिथल्या जुन्या बाजारात त्यांना पहिलं इंजिन मिळालं ते उघडंच. चाकं धड, मोटार चालू, पण वरचं कवच फुटून गेलेलं. म्हणून तर ते परवडलं. नवं आयतं कवच मागवायचं तर अख्ख्या शाळेचे गणवेश शिवून द्यावे लागले असते. मास्तर म्हणायचे, "जीव धड हाय, नुसती कापडं फाटल्यात. मग आपण शिंपी कशाला झालो?" त्या कवचाला ते सदराच म्हणायचे. पुढं जन्मभर त्यांनी उघडी इंजिनंच जमवली.

माझं माहेर भुसावळच्या पुढं, रुळांना लागून. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला इथल्या एका ढाब्यावर काम लागलं म्हणून या मुलखात आले, तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. भाषासुद्धा वेगळी वाटायची. काम मागायला मास्तरांच्या दारात उभी राहिले. किती शिकलीस असं विचारतील, म्हणून उत्तर घोकून गेले होते. त्यांनी ते विचारलंच नाही. गाव कुठलं ते ऐकलं आणि डोळे बारीक केले.

"तुझ्या गावात गाडी थांबती का?"

"नाही मास्तर. नुसती जाते."

"मालगाडीला डबे किती असत्यात?"

मी सांगितलं. कुठल्या गाडीला पुढं दोन इंजिनं लावतात तेही सांगितलं. मास्तरांनी मशीनसमोरचं स्टूल पुढं ढकललं आणि माझी नोकरी लागली.

मला पाव, अर्धा, पाऊण इंचाची फार भीती वाटायची. टेपवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या. दोनदा मोजून तिसऱ्यांदा मोजायचे आणि तिन्ही वेळा वेगळं यायचं. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. एके दिवशी त्यांनी जाड दोरा घेतला, शर्टाच्या लांबीला धरला आणि माप संपलं तिथं गाठ मारून माझ्या हातात दिला. "आकडा इसरतो. गाठ इसरत न्हाय." तेव्हापासून मी दोऱ्यानं कापायला शिकले. दोन वर्षांत टेपही वाचता यायला लागली, पण दोरा सुटला नाही.

सदरा करायची त्यांची रीत साधी होती. खाकी कागदावर आकार कापायचा. मग कॉलरीत घालतात त्या कडक बकरमचे चार थर डिंक लावून एकावर एक ठेवायचे आणि गरम इस्त्रीनं दाबायचे. गरम आहे तोवरच लाकडी ठोकळ्यावर वाकवायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. वाळलं की टकटक वाजायचं. खिडक्यांना नव्या शर्टाच्या कॉलरीत येणारं पारदर्शक प्लास्टिक. खाली चारी कोपऱ्यांना टिचबटणं, त्यांच्या जोड्या इंजिनाला चिकटवलेल्या. सदरा टिचकन बसायचा, टिचकन निघायचा. रंग बाबू पेंटरच्या डब्यांत उरलेला. टोमणे मारायचा, पण रंग द्यायला स्वतः यायचा.

फळीवर एकच इंजिन नेहमी उघडं असायचं. जावयानं हैदराबादहून आणलेलं, बाकीच्यांपेक्षा थोराड, जड, दणकट मोटारीचं. त्याचं नाव पैलवान. त्याचा सदरा करायचा राहूनच गेला होता. गणवेशांतून हात मोकळा झाला तर ना. दुकानात ते उघडंच धावायचं, पण लोकांसमोर नाही. मास्तर म्हणायचे, "भरल्या मांडवात उघड्या अंगानं कुणी जातं व्हय?"

मग शाळेचं प्रदर्शन आलं. पोरांनी आपल्या किल्ल्याची मोठी प्रतिकृती करायला घेतली होती, बुरूज, नदीवरचा बांध, त्याच्या पोटातला पाणी महाल, सगळं. त्या शाळेचे गणवेश मास्तरांनी वर्षानुवर्षं शिवलेले. मुख्याध्यापकबाई स्वतः दुकानात येऊन म्हणाल्या, मास्तर, किल्ल्याभोवती तुमची गाडी फिरवा. आजवर मास्तरांची गाडी दुकानाबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी बाईंना दोनदा चहा पाजला.

लहान तांबडं इंजिन न्यायचं ठरलं, नवा सदरा घालून. पण मास्तरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "कटिंग तू कर." मी नको नको म्हणाले. ते ऐकणार नव्हते.

मी माप घेतलं, दोऱ्याला गाठी मारल्या, कापलं, इस्त्री केली, वाकवलं, वाळवलं. बाबूनं तांबडा रंग दिला, वर पिवळा पट्टा मारला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर उघडं इंजिन आणि डबे घेऊन चाचणीला शाळेत गेले. ते परत यायच्या आत सदरा बटणांना लावून बघावा म्हणून मी तो फळीवर मापाला ठेवलेल्या, तशाच दुसऱ्या तांबड्या इंजिनावर ठेवला. तो थोरल्या भावाचा शर्ट धाकट्यानं घालावा तसा लोंबला. पुढं बोटभर जागा मोकळी, बाजूंना अर्धं बोट. बटणं बटणांपर्यंत पोचतच नव्हती.

कारण लगेच उमगलं. तीन महिने मी गणवेशच कापत होते. प्रत्येक आई सांगायची, वाढत्या अंगाचं शिवा, पुढच्या वर्षीही चाललं पाहिजे. गाठ मारली की पुढं बोटभर सोडायची हाताला सवय लागली होती. इंजिनालाही मी वाढत्या अंगाचं शिवलं होतं. आणि बकरम एकदा वाळलं की त्याला टाचही घालता येत नाही. नवा करायला दोन दिवस हवेत. सातवी नापास बाईच्या हाती कात्री दिली की असंच होणार, हे लोकांच्या आधी माझं मीच म्हणून घेतलं.

मास्तर आले ते खाली मान घालून. पोरांनी चढ सांगितल्यापेक्षा उभा केला होता आणि बांधावर चढताना लहान इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत होती. चार डबे सोडा, दोनही वर जाईनात. "पैलवान गेला असता," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पण तो उघडा."

सदरा मी पदराखाली धरला होता. एकदा वाटलं, पडला, मोडला म्हणून सांगावं. मग तो त्यांच्यापुढं ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. बोलताना त्यांच्याकडं बघितलं नाही.

त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"किती सोडलंस?"

"बोटभर लांबीला. घेराला अर्धं."

मास्तर उठले, फळीवरून पैलवानाला उतरवलं आणि मशीनवर ठेवलं. "सरळ उभं ऱ्हा," त्याला म्हणाले. आणि सदरा मलाच घालायला लावला. तो खाली उतरला, मधे मोटारीला जरा घासला. मी काढला, आतून पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा घातला. बसला. शिवून घेतल्यासारखा बसला. बटणांच्या जोड्या आम्ही लहान तांबड्याच्या काढून पैलवानाला चिकटवल्या, आणि चार वेळा टिच, टिच, टिच, टिच.

"इंजिन वाढलं की गं," मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पैलवान चार डबे घेऊन निघाला, बुरुजाला वळसा घातला, चढाला लागला. तो एका लयीत वर गेला, पाणी महालावरून बांध ओलांडून पलीकडं उतरला. पोरांनी एकच गलका केला. मग कुणीतरी पाचवा डबा जोडला, मग सहावा. तेही त्यानं नेले. बाबू पेंटर सगळ्यांना सांगत होता की रंग आपला आहे.

बाईंनी विचारलं, एवढं बेतशीर कुणी केलं? मास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हणाले, बाई, ती चूक होती. मास्तर भर हॉलमध्ये म्हणाले, "बसली न्हवं? मग ते मापच." मुख्याध्यापकबाईंनी माझा हात हातात घेतला. शाळेत कौतुक करून घ्यायला मी याआधी कधी उभी राहिले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मास्तर हैदराबादला लेकीकडं राहायला गेले. दुकान आता मी बघते. दाराशी येणाऱ्या प्रत्येक पोराला वाढत्या अंगाचं शिवून देते, आणि अजूनही प्रत्येक माप तीनदा घेते.

या दसऱ्याला त्यांच्याकडून एक पार्सल आलं. चिठ्ठी नव्हती. कापडात गुंडाळलेलं एक उघडं इंजिन, आणि जाड दोरा, शेवटाला गाठ मारलेला. मी इंजिन मशीनवर ठेवलं, सरळ उभं राहायला सांगितलं आणि दोरा त्याच्या लांबीला लावून बघितला.

गाठ बोटभर पुढं आली.